बुरा वळसा घालते तिथे

“शाळा सोडून घरी बसलेला तू, मला सांगणार कुत्रं कसं शिकवायचं?” लिबेरोमामा अंगणात ओरडला. “रिमोट दे इकडे!”

“नाही देत. मान बघितलीस तिची? केस गेलेत, दोन जखमा पडल्यात.”

रिमोट माझ्या खिशात होता, पट्टा अजून बुराच्या गळ्यात. बुरा माझी कुत्री. आम्ही दोघं मामाच्याच घरी राहतो.

पिल्लू होती तेव्हा तिला मी शेजारच्या नीवेसमावशीसारखं शिकवलं. छातीवरून बांधायचा हलका पट्टा, कमरेला चीजच्या तुकड्यांची पिशवी, बस्स. जुन्या मोज्यात ट्रफल घालून पुरायची. ही जमिनीखालची महागडी अळंबी, कुत्र्याशिवाय कुणाच्या बापाला सापडत नाही. कुत्र्यानं शोधली की अळंबी आपल्याला, चीज त्याला. वेळ लागतो, पण कुत्रं शेपटी हलवत काम करतं.

मामाला धीर नाही. त्याच्या खोलीत खिळ्याला काय टांगलंय? आत टोकं असलेली साखळी, ओढली की आवळणारी साखळी आणि हा करंटवाला पट्टा. सप्टेंबरात मी द्राक्षं तोडायला बाहेरगावी गेलो, तेवढ्यात बुरानं एक मोठी अळंबी खाऊन टाकली. मामानं पट्टा चढवला. तिनं तोंड मातीला लावलं की हा बटण दाबणार.

मी परत आलो तर तिला काहीच सापडेना. काल मामा म्हणाला, उद्या अळंबी सापडली नाही तर हिला रानडुकरांच्या शिकाऱ्यांना देऊन टाकतो. त्यांची कुत्री पोट फाटून परत येतात. काही येतच नाहीत.

“एकदा जंगलात चल,” मी म्हणालो. “मग बोल.”

मिर्ना नदीकाठच्या ओकच्या झाडांखाली बुरा नाक वर धरून चालत होती. एका जागी थबकली, शेपटी पोटाखाली घातली आणि लांबून वळसा घालून गेली. काल पण तिनं हेच केलं होतं. मी तिथेच गुडघे टेकून खुरप्यानं उकरलं. वीतभर खाली पांढरी अळंबी, अंड्याएवढी! पुढे परत वळसा. परत उकरलं, परत सापडली.

“बघ! वास येतोय तिला! वास आला की तू करंट दिलास, म्हणून ती वासालाच भ्यायली. अक्कल तिची नाही गेली, मामा.”

मला वाटलं, आता तरी लाजेल. मामा अळंबी हुंगत हसला.

“अरे वा! मग झालंच की काम! ती घाबरेल तिथे खणायचं. खाणार नाही, उकरणार नाही. पट्टा राहू दे तसाच, भीती जाता कामा नये.”

माझं डोकंच सणकलं. “तुझ्या गळ्यात बांधू? जेवायला बसलास की दाबतो बटण!”

“कानाखाली देईन! माझ्या घरचं खाते ती!”

“मग नाही खाणार तुझ्या घरचं!”

पट्टा काढला, दगडावर ठेवला आणि खुरप्याच्या मुठीनं ठेचला. रिमोटही ठेचला. मामा धावून आला तोवर आम्ही झाडीत.

आता नीवेसमावशीच्या मागच्या पायरीवर बसलोय. ती म्हणते, “महिने लागतील रे. कदाचित पुरतं जाणारही नाही.” बुरा हातातलं चीज खाते. तोच तुकडा मातीत पडला की मागे सरते. आणि हा माणूस हसला!

फाटकाशी मामाची गाडी थांबली. बुराला घेऊन मला आता मागच्या वाटेनं निघायला हवं.