मामांना कोण सांगणार?

“चूक माझीच झाली, मामा,” कडूबा हात जोडून म्हणाला.

त्याची कडब्याने भरलेली बैलगाडी रस्त्याच्या कडेला आडवी पडली होती. कडब्यावर बसलेली त्याची बायको गोजरबाई खाली फेकली गेली होती आणि मोडलेला हात पोटाशी धरून कण्हत होती. मोटारीनेच मागून धडक दिली होती. तरी हात कोण जोडतोय, तर कडूबा! मोटार चालवणाऱ्या चौसष्ट वर्षांच्या धर्मराजमामांचे डोके फिरले.

“तुझी कशी चूक? तू कडंनं चालल्ता ना? मंग?”

“तुम्ही वीस वर्षं मोटार चालवून राह्यले. आम्ही काय बोलावं?”

त्रेपन्न सालचा फाल्गुन होता. जालना-घनसावंगी सर्व्हिस मोटारीची ही सकाळची फेरी. तीर्थपुरी अर्ध्या कोसावर आली होती. रस्ता सरळ, ऊन लख्ख, आणि एवढी मोठी कडब्याची गाडी मामांना धडकेपर्यंत दिसली नव्हती. ते उतारूंकडे वळले.

“चाळीस जण बसल्ते. एकाच्याबी तोंडातून आवाज निघाला न्हाई?”

पुढच्या बाकावरचे रामराव मास्तर घसा खाकरत म्हणाले, “मच्छिंद्र असता तर ओरडला असता. नेमका आज तापानं पडला. नव्या कंडक्टरला कुणी सांगितलंच न्हाई.”

“काय सांगायचं होतं?”

मास्तर खाली बघू लागले. कंडक्टर मच्छिंद्र दोन वर्षे मामांच्या शेजारी उभा राहून सारखा बडबडायचा: समोरून गाडी येतेय, डावीकडं म्हशी आहेत, पोरगं आडवं आलं. गडी बोलघेवडा आहे, असे मामा समजत होते.

“म्हंजे तो मला रस्ता सांगत होता? सगळ्यांना ठाऊक होतं? मालकालाबी?”

“मालकालाबी. पण मामा, तुमच्यासारख्या वडीलधाऱ्याला तोंडावर कसं म्हणावं, की तुम्हाला दिसत न्हाई म्हणून?”

मामांच्या अंगाची लाही लाही झाली. दोन वर्षांपासून समोरचे धूसर होत चालले होते, हे त्यांनी स्वतःही बायकोपासून लपवले होते.

“मान देत होते, का माझ्या हातून मरायला निघाल्ते? लेकरंबाळं घेऊन आंधळ्याच्या मागं बसता? लाज न्हाई वाटत? अन् मला तरी कुठं वाटली!”

चौघांनी बैलगाडी उभी केली, गोजरबाईला तीत निजवले. कडूबा तीर्थपुरीच्या दवाखान्याकडे निघाला. बाकीचे निमूट मोटारीत चढले आणि आपापल्या जागी बसले. एका बाईने तान्हे मूल पदराखाली घेतले.

“चला मामा, उशीर होऊन राह्यला,” आतून कुणी हाक दिली. “आता मास्तर सांगतील रस्ता.”

मामांनी मोटार सुरू करायचे लोखंडी हँडल उचलले, ते घेऊन बाभळीखाली गेले आणि मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.

तासभर वाट पाहून लोक उतरले, पायी निघाले. जाताना प्रत्येक जण मामांपुढे थांबून वाकला. “राम राम, मामा.” आवाजावरून मामांनी एकेकाला ओळखले. उत्तर मात्र एकालाही दिले नाही.