जोगव्याचं पीठ

नवरात्रातला शुक्रवार आणि अंजनाचा पाय प्लास्टरमध्ये! गोठ्यात घसरली, तीही ऐन घट बसायच्या तोंडावर. पाच घरी जोगवा मागायचा नेम सासूकडून तिच्याकडे आलेला, तो मोडायची तिची छाती नव्हती. म्हणून यंदा परडी श्रेयाच्या हातात गेली. मंचरच्या कॉलेजात जाणारी लेक आधी "मला लाज वाटते" म्हणून अडून बसली होती. अंजनानं तिला पढवून पढवून तयार केलं.

"अनवाणी जायचं. मिळंल ते घ्यायचं. आन् दार निवडायचं न्हाई, देवीपुढं समदी दारं सारखी. लाज मोडावी म्हणूनच तर मागायचं आसतं."

पोरगी गेली आणि अंजनाला एकदम आठवलं. थोरल्या दिराचं, सावळारामचं घर भिंतीला भिंत लागून होतं. ते दार टाळायचं, हे सांगायचंच राहिलं! विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत वाजल्यापासून अंजनाची परडी त्या दारावरून मुकाट पुढे जायची. त्या घरचा दाणा तोंडात घालणार नाही, असं तिचा नवरा गोरख सगळ्यांदेखत बोलून बसला होता, आणि बोललेलं गिळणाऱ्यांतला तो नव्हता.

तिनं फोन लावला. तो पलंगावरच वाजला. एरवी हातातून न सुटणारा मोबाइल आज मेलीनं नेमका घरी ठेवला होता. अंजना खिडकीशी सरकली, परत पलंगावर आली, पुन्हा सरकली. प्लास्टरच्या आत पायाला खाज सुटली, तिचाही राग तिला लेकीवरच आला.

श्रेया आली ती हसतच. परडी पिठानं भरली होती.

"सगळ्यात जास्त काकूनं घातलं. पुष्पाकाकूनं. तुझा पाय विचारत होती."

"तिकडं कशाला मेली तू!"

"मग आधी सांगायचं ना! देवीचं सगळं सांगितलंस, जोगव्यातही भांडण पाळायचं ते नाही सांगितलंस."

 आता तरी अंजनानं सांगावं, तर परडीसोबत ते भांडणही पोरीच्या पदरात घालावं लागणार होतं.  आणि पाच घरचं पीठ एक झालेलं, त्यातलं पुष्पाचं वेगळं कसं काढणार?

तेवढ्यात गोठ्यातून गोरख आत आला. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"ते पीठ गाईला घाल," तो श्रेयाला म्हणाला. "मला त्याची भाकर वाढू नगं."

श्रेया परडी पोटाशी धरून उभी राहिली. हलली नाही. अंजना काही बोलणार, इतक्यात दारातून आवाज आला.

"अंबाबाईचा जोगवा वाढा!"

पुष्पा होती. अनवाणी, हातात तिची परडी. इतकी वर्षं तीही हे दार टाळून जायची. आज पोरगी येऊन गेली, आणि तिलाही पुढे जाववलं नव्हतं.

अंजनाला उठता येत नव्हतं. दारातून जोगवा रिकामा पाठवायचा नसतो, हे गोरखलाही त्याच्या आईनंच शिकवलेलं. श्रेया डब्याकडे वळली.

"थांब," गोरख म्हणाला.

 गोरखनं स्वतः डबा उघडला, ओंजळ भरून घेतली आणि दारात जाऊन, मान खाली घालून भावजयीच्या परडीत पीठ सोडलं. पुष्पानं पदर सावरला, परडी कपाळाला लावली. 

तो परतला आणि हाताचं पीठ न झटकताच पाटावर बसला.

"श्रेया," तो म्हणाला, "त्या परडीतलंच पीठ मळ. भूक लागली."