पहिल्या दिवसाचं पाणी

मामंजींनी मागच्या व्हरांड्यात होडी बांधायला काढली आणि आमच्या घरात कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे माझीही बाजू कळेल.

सासूबाई गेल्या, तेव्हा ह्यांनी मामंजींना मालवणहून कलकत्त्याला आणलं. मामंजी बंदरावर कारकून होते. सगळा जन्म होड्या येताजाताना बघण्यात गेलेला. आमच्या बालीगंजच्या तळमजल्यावर त्यांना ना समुद्र, ना बोलायला माणूस. इथल्या माशांना नुसते काटे, चव म्हणून नाही, असं म्हणत ते ताट मात्र लख्ख करीत. पावसाळा संपेपर्यंत त्यांनी कसंबसं काढलं आणि एका रात्री जेवताना म्हणाले, "श्यामकांता, मी होडी बांधतो. मागच्या तळ्यात बसून गळ टाकीन. तरंगली तर इथं राहतो. बुडाली तर मालवणचं तिकीट काढून दे. इथं माझं काही काम नाही."

"बरं," हे म्हणाले आणि त्यांनी भात पुढे ओढला. हे हावड्याला रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात साहेब. दिवसभर लोकांशी बोलून घरी येत, तेव्हा त्यांच्यापाशी एखाददुसराच शब्द शिल्लक असे. मी आमटी वाढली. माझ्या मनात आलं, चला, दोहोंपैकी काहीतरी एक ठरेल.

मग सुरू झाली ठोकाठोक. पलीकडच्या गल्लीत एक जुनं घर पाडत होते, तिथून मामंजींनी सागवानी दारं आणून त्यांच्या फळ्या केल्या. सकाळी करवत, दुपारी रंधा. भुसा वरणात, भुसा दुधात, भुसा माझ्या वेणीत. एके दिवशी गादीवर पाठ टेकली तर खालची फरशी लागली. तशीच उठून व्हरांड्यात गेले. मामंजी दोन फळ्यांच्या फटीत कापूस ठासत बसले होते.

"गादीतला जुना कापूस उत्तम, गो," ते म्हणाले. "चांगला दाबून बसलेला असतो."

"तो मी दाबलाय, मामंजी!"

"म्हणून तर," ते म्हणाले आणि त्यांनी पुढची फट घेतली. मी तरातरा आत आले आणि भांडी आपटली. दुपारी चहा मात्र नेऊन दिला, कारण रंधा मारून त्यांच्या तळहातांना फोड आले होते आणि ते माझ्यापासून हात लपवत होते.

तळं आमचे घरमालक घोषालबाबू यांचं. रोज सकाळी कठड्यावरून डोकावून ते होडी कधी तरंगणार म्हणून विचारीत, "दादामोशाय, आपका जाहाज कोब भासेगा?"

"भासेगा, भासेगा," मामंजी सांगत. "गडबड नही करनेका." घोषालबाबूंची हिंदी बंगाली होती, मामंजींची मराठी होती, पण दोघांचं छान जमत असे. तळ्यातल्या माशांवरून भांडणसुद्धा होई.

होडी तयार झाली. छोटीशी, दोन माणसं बसतील एवढी, पण देखणी. रविवारी सकाळी मी तिच्या पुढच्या टोकाला हळदकुंकू लावलं, ह्यांनी नारळ फोडला, आणि अर्ध्या गल्लीसमोर मामंजी तिच्यात चढून ताठ बसले. घोषालबाईंनी शंख फुंकला. मी होडीला चार शिव्या रोज घातल्या होत्या, पण त्या क्षणी मी देवाला म्हटलं, तरंगू दे रे बाबा, माझी सगळी गादी गेली तरी चालेल.

देवाने ऐकलं नाही. फळ्याफळ्यांतून पाणी झिरपू लागलं. आधी मामंजींची पावलं बुडाली, मग घोटे. होडी काठोकाठ भरली आणि घाटाच्या पायऱ्यांपाशीच शांतपणे खाली बसली. मामंजी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि टोपी सारखी करून म्हणाले, "श्यामकांता, तिकीट काढ."

होडी ओढून बाहेर काढायला चारजण धावले. "राहू दे तिथंच," मामंजी म्हणाले. "कुणी हात लावू नका."

घरी येऊन त्यांनी ट्रंक उघडली. ह्यांनी मान हलवली, काढतो म्हणाले. मी व्हरांडा धुतला, दोऱ्या बांधल्या, कपडे वाळत घातले. आणि तिथं उभ्या उभ्या मला रडू यायला लागलं. इतका शांत व्हरांडा मला नको होता. पण हे बोलायचं कुणाशी? मामंजी आत धोतरांच्या घड्या घालत होते, आणि घड्या घालणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते मला सुचेना.

बुधवारी सकाळी तळ्याकडे सहज नजर गेली, तर मधोमध होडी! आणि तिच्यात छत्री उघडून, गळ टाकून घोषालबाबू!

मी घाटावर धावले. त्यांनी आनंदाने हात हलवला. घाट अडला म्हणून त्यांनी पहाटे पाणी उपसून घेतलं होतं, आणि आता आत एक थेंब येत नव्हता.

"काठ पानी खाके फूल गया, बउमा," ते ओरडले. "फाँक सोब बोन्द! नया नौका पोहिले दिन डूबेगा, ये तो सोबको मालूम!"

लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं, फटी बंद झाल्या होत्या. नवी होडी पहिल्या दिवशी बुडायचीच, हे म्हणे सगळ्यांना ठाऊक. मग जन्मभर बंदरावर बसलेल्या माणसाला?

मी फणफणत घरी आले. "मामंजी, नवी होडी पहिल्या दिवशी पाणी घेते, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

त्यांनी धोतराची घडी पुरी केली. "होतं."

"मग चार-आठ दिवस आधी भिजवली का नाही?"

"सगळे विचारायचे, होडी कधी होणार, तरंगणार का," मामंजी हळूच म्हणाले. "बुडाली तर जाणार, असं मी म्हटलं, तेव्हा जाऊ नका असं कोणी म्हटलं नाही. म्हटलं, बुडवून बघू. तेव्हा तरी कोणी म्हणतं का."

मला त्यांचा भयंकर राग आला, कारण ते खरं होतं.

"जाऊ नका!" मी म्हटलं. म्हटलं कसलं, ओरडलेच. "ऐकलंत? जाऊ नका. मला तुम्ही इथं हवे आहात. ठोकाठोकीसकट."

मामंजींनी डोळे पुसले, पण ट्रंक भरायचं थांबवलं नाही. "श्यामकांताला तू काही सांगायचं नाहीस," ते म्हणाले. "एकही खूण करायची नाहीस."

संध्याकाळी हे आले. मी ओठ घट्ट मिटून दारात उभी राहिले.

"तिकीट?" मामंजींनी विचारलं.

ह्यांनी कोट काढला, खुंटीला लावला, पुन्हा काढून नीट लावला. "मिळालं नाही, अण्णा. गाडीला फार गर्दी आहे."

"हावड्याच्या बुकिंग ऑफिसातल्या साहेबाला तिकीट मिळत नाही?"

"नाही."

"उद्या मिळेल?"

"उद्याही नाही." हे खाली बघत होते. कान लाल झाले होते. "यंदा कठीणच दिसतंय. पुढच्या वर्षीचंही मी विचारून आलोय. तेव्हाही नाही."