कार्ड चालू की बंद?

तुम्ही खोटारडे आहात. फोनवर बोललेला तो पोरगा नव्हे, बँकेत त्याच्या डोक्यावर जे कोण बसले आहेत, ते तुम्ही. तुम्ही मला क्रेडिट कार्ड पाठवलंत. सोबत चार पानी अभिनंदन. त्यात माझं नाव सहा वेळा आलंय, पण कार्ड चालू आहे की बंद, हे एकदाही लिहिलेलं नाही.

मी चाव्या बनवतो. जिन्याखाली दुकान आहे, उभं राहिलं की डोकं आपटतं. शाळा सातवीत सुटली, पण चावी चालते का असं कुणी विचारलं तर मी ती कुलपात घालून फिरवतो. गिऱ्हाइकाचं अभिनंदन करत बसत नाही.

कार्ड कशाला हवं होतं तेही ऐका. माझ्या आईची धाकटी बहीण तीन तासांवर राहते, वर डोंगरात. नऊ वर्षं दोघींची भेट नाही. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, बसची पायरी तिला चढवत नाही. आणि मावशीची नजर चाललीय. दर महिन्याला थोडी थोडी. आई एवढंच म्हणाली, "तिला दिसतंय तोवर मला एकदा दिसू दे रे तिला."

गाडी मला चालवता येते, पण माझ्याकडे गाडी नाही. गाडी भाड्याने देणारे रोख घेत नाहीत. अनामत अडकवून ठेवायला त्यांना क्रेडिट कार्डच लागतं. म्हणून तुमच्या दारात आलो.

शनिवारी दहाची गाडी ठरली. आई आठ वाजताच बूट घालून खुर्चीत बसली, अंगात पिवळाधमक स्वेटर. मावशीला म्हणे आता पिवळा रंग तेवढा नीट दिसतो. मी तुम्हाला फोन लावला. यंत्र म्हणालं, कार्ड चालू आहे का हे जाणून घेण्यासाठी चार दाबा. चार दाबलं. यंत्र म्हणालं, ही माहिती ॲपवर मिळेल. ॲप उघडलं. त्यात लिहिलं होतं, ही माहिती फोनवर मिळेल.

बायको म्हणाली, "अहो, कशाला त्यांच्या नादी लागता? न्हाव्याकडे जा, दाढी करा नि कार्ड द्या. चाललं तर चाललं. दाढी तशीही वाढलीय."

न्हाव्याच्या यंत्रातून टर्रकन पावती आली. "चालतंय, उस्ताद," तो म्हणाला. "आता मिशीचंही काहीतरी करू या का?"

इथे मी थांबायला हवं होतं, हे मला मान्य आहे. पण माझी सवय अशी की चावी तीनदा फिरवल्याशिवाय मी कुणाच्या हातात देत नाही. एकदा फिरली तर नशीब, दोनदा फिरली तर बरी, तिसऱ्यांदा फिरली की खरी. म्हणून लाँड्रीवाल्या बाईंकडे गेलो. खिशात होता तोच रुमाल पुढे केला.

"एक रुमाल? कार्डावर?"

"हो."

"पाच मिनिटांत वाळवून देऊ की तुमच्या अंगावरच वाळवणार?"

कार्ड चाललं. मग कोपऱ्यावर एक बल्ब घेतला. तिथेही चाललं. घरी येऊन मी छाती फुगवून सांगितलं, "आई, चल. तीनदा फिरवलंय."

आई, बायको आणि मी गाडीवाल्यांकडे पोचलो. काउंटरवरच्या मुलीने कार्ड घातलं, काढलं, पुन्हा घातलं. "काका, घेत नाहीये."

"घेईल. आज तीनदा घेतलंय."

"माझ्याकडे नाही घेत." तिने मागच्या रांगेकडे पाहिलं. "मी साडेदहापर्यंत थांबते. मग गाडी पुढच्यांना द्यावी लागेल."

पुन्हा फोन. या वेळी माणूस मिळाला, तुमचा तो पोरगा. "सर, पंधरा मिनिटांत एक सलून, एक लाँड्री आणि एक बल्बचं दुकान. आमच्या यंत्रणेला संशय आला. चोर असंच करतात. आधी लहान लहान खरेदी करून कार्ड चालू आहे का ते बघतात."

"म्हणजे चोराला कळायची सोय आहे. मालकाला कळायची कुठे आहे?"

"सर, आधी ओळख पटवू या. आईंचं माहेरचं आडनाव?"

मी सांगितलं.

"जुळत नाही, सर."

आईने माझ्या हातातून फोन ओढला. "बाळा, मी आईच बोलतेय. मी सांगते." तिने ठणकावून सांगितलं.

"आजी, आमच्या नोंदीत वेगळं आहे."

"अस्सं? म्हणजे माझे वडील कोण, ते आता तुमच्या नोंदीत बघायचं का मी?"

मागच्या रांगेतला माणूस फिस्सकन हसला. घड्याळात दहा बावीस झाले होते. माझं टाळकं सटकलं. फोन परत घेऊन मी ओरडलो, "माझ्या आईचं माहेर तुम्हाला काय करायचंय?"

तिकडे बटणांची टकटक. मग हसू दाबून बारीक झालेला आवाज. "धन्यवाद सर. उत्तर जुळलं."

होय, ते मीच लिहिलं होतं. फॉर्म भरताना, त्या रकान्यात, अगदी याच शब्दांत. त्याची लाज मला वाटत नाही. तुम्ही ते न वाचता नोंदवून घेतलंत, त्याची लाज तुम्हाला वाटू दे.

"आता चालू झालं का?" मी विचारलं.

"सर, कार्ड चालूच आहे. फक्त वापर बंद आहे. चोवीस तासांत सुरू होईल."

मी फोन ठेवला. आई काउंटरवर कोपर टेकून मुलीला म्हणाली, "पोरी, घाल गं अजून एकदा. माझ्यासाठी."

"आजी, काही उपयोग नाही."

"मग बिघडतंय काय?"

मुलीने घातलं. टर्रकन पावती आली. का आली ते तिला कळलं नाही, मला कळलं नाही, तुम्हाला तर नक्कीच नाही. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोने किल्ली उचलली आणि म्हणाली, "पळा, यांचा विचार बदलायच्या आत."

मावशी फाटकाशीच उभी होती. "कोण गं ते, पिवळं पिवळं?"

"मी."

"जवळ ये." तिने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून पार नाकाला नाक लावून पाहिला, सुईचं भोक बघावं तसा. बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "नाक तेच आहे. बाकी सगळं सुटलंय." दोघी इतक्या हसल्या की बायकोला पाणी आणावं लागलं. मी गाडीमागे जाऊन उगाच टायर तपासत राहिलो.

सोमवारी तुमचा मेसेज आला. "आपले कार्ड अद्याप सुरू करण्यात आलेले नाही."

मग शनिवारी चाललं ते काय होतं?

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी पुन्हा जायचं असं दोघींनी परस्पर ठरवून टाकलंय, मला न विचारता. आई आठ वाजता बूट घालून बसेल. मावशीची नजर तुमच्या चोवीस तासांसाठी थांबणार नाही. तेव्हा मला अभिनंदन नको, चार दाबा नको, ॲप नको. त्या शनिवारी सकाळी दहा वाजता माझं कार्ड चालू असेल का? हो की नाही, एका शब्दात लिहून पाठवा.