आत काय बदललंय?

“आत, बाबा, आत! सगळं आत बदललंय. बाहेरून तुम्हाला काय दिसणार?”

लेक कामावर निघायच्या घाईत होती. एक बूट पायात, दुसरा हातात. टेबलावर चहाचे कप आणि त्यांच्या मधोमध नव्या फोनची पांढरी पेटी. वडिलांना साठावे वर्ष लागले म्हणून तिने तो काल आणला होता. ती नोकरी करत होती त्या फोनच्या दुकानात तो येऊन जेमतेम चार दिवस झाले होते आणि लोक रांगा लावून नेत होते.

“रांगा कशाला लावतात तेच कळत नाही,” वडील, म्हणजे चिमटेमामा, म्हणाले. “मागच्या वर्षी असाच होता. त्याच्या मागच्या वर्षीही असाच. कॅमेऱ्याचं भिंग या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेलं की झाला नवा! उद्या मी हे टेबल भिंतीकडं तोंड करून ठेवलं, तर नवं टेबल म्हणशील?”

“अहो, पोरीनं हौसेनं आणलाय,” ओट्यापाशी उभी असलेली बायको म्हणाली. “दोन शब्द गोड बोललात तर जीभ झिजेल का?”

“हौसेला कोण नावं ठेवतंय? मी फोनला ठेवतोय.”

चिमटेमामा हे त्यांचे खरे नाव नव्हे, पण खरे नाव आता बायकोलाही आठवून सांगावे लागते. बावीस वर्षे ते फोन दुरुस्त करत होते आणि बारीक टोकाचा चिमटा सतत त्यांच्या खिशाला असे. एकदा घरी जेवायला आलेल्या साडूंच्या ताटातला केस त्यांनी त्या चिमट्याने इतका अलगद उचलला की साडूंना घास गिळून झाल्यावर कळले. तेव्हापासून हे नाव चिकटले ते चिकटलेच.

लेकीने दुसरा बूट घातला. “आज सरांना सांगायचंय हो की नाही ते. तीन आठवडे टोलवताय तुम्ही.”

सांगायचे होते ते काउंटरबद्दल. तिच्या दुकानात बिघडलेले फोन घ्यायला एक माणूस हवा होता. काम एवढेच की फोन घ्यायचा, पावती लिहायची, खोक्यात घालून कंपनीकडे धाडायचा. खुर्ची, पंखा, रविवारी सुट्टी.

“आणि उघडायचं कुणी?”

“कुणी नाही. उघडायचे दिवस गेले, बाबा. नव्या फोनांना तुमचा चिमटा लागत नाही. त्यांच्यात काय काय आलंय, तुम्हाला माहीत तरी आहे का?”

हे शेवटचे वाक्य तिने बोलायला नको होते. मामांनी कप खाली ठेवला.

“बरं. आज उघडून बघतो. आत एक, एकच नवी गोष्ट सापडू दे. माझं दुकान बंद करतो आणि तुझ्या काउंटरवर बसून पावत्या फाडतो.”

“हा फोन उघडणार? अजून एक दिवस नाही झाला त्याला!”

“तूच म्हणालीस, आत बदललंय.”

बायकोने कपाळावर हात मारला. लेक मात्र दारातच थांबली.

“आणि नाही सापडली तर?”

“तर या घरात काउंटरचं नाव पुन्हा काढायचं नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

मामांचे दुकान गल्लीच्या तोंडाशी होते. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागत. कामाचा एक बाक, मामांची खुर्ची, गिऱ्हाइकासाठी एक स्टूल, वाकड्या मानेचा दिवा, भिंग आणि भिंतीवर एक मोठा खिळा. त्या खिळ्याला मामांचे नकाशे टांगलेले असत.

नकाशा म्हणजे जुन्या कॅलेंडरचा कागद. नवा फोन पहिल्यांदा हाती आला की मामा कागदाच्या पाठीवर फोनची आकृती काढत, तिच्यावर चिकटपट्टी लावत, आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच कागदावर चिकटवत. शेजारी त्याची लांबी लिहीत. फोनमधले स्क्रू दिसायला सगळे सारखे, मुंगीच्या डोक्याएवढे, पण एखादा अर्ध्या ज्वारीच्या दाण्याइतका जास्त लांब असतो. तो चुकीच्या भोकात गेला की खालच्या पाटीत, म्हणजे सर्किट बोर्डात, घुसतो आणि तिच्या पोटातल्या विजेच्या रेषा तोडतो. फोन कायमचा जातो. हा धंदा शिकणारा प्रत्येकजण एकदा तरी ही चूक करतो. मामांनी ती पहिल्याच वर्षी केली होती, म्हणून हे नकाशे.

सुरुवातीला वर्षाला वीस-वीस नकाशे व्हायचे. बटणे गेली, रंग आले, कॅमेरा आला, काचेवर बोट फिरवले की फोन ऐकू लागला. नवा फोन आला की मामांना जेवण सुचत नसे. मग हळूहळू सगळे थंडावले. आता दरवर्षी नवे म्हणून काय यायचे, तर गोंद. बॅटरी गोंदाने चिकटवलेली, काच गोंदाने चिकटवलेली. मोठ्या कष्टाने काच बदलावी तर फोन वर तोंड करून सांगणार, ही काच माझ्या ओळखीची नाही. “माझ्या तरी कुठं ओळखीचा आहेस तू,” मामा त्याला म्हणायचे. या कंपनीच्या मागच्या तीन फोनांना त्यांनी एकच नकाशा वापरला होता. तिन्ही आतून एकसारखे.

त्यामुळे आज त्यांनी नवा कागद घेतलाच नाही.

गोंद सैल व्हावा म्हणून फोन तव्यावर ठेवून गरम केला, प्लॅस्टिकची पातळ पट्टी कडेने फिरवली आणि पाठीची काच उचलली. आत बघून ते स्वतःशीच हसले. तीच बॅटरी, तीच पाटी, पाटीवर तेच पत्र्याचे झाकण आणि त्याला तेच चार स्क्रू. ओळखीच्या घरात शिरल्यासारखे वाटले त्यांना. चारही स्क्रू काढून त्यांनी बाटलीच्या बुचात टाकले. झाकण उचलले. एकेक भाग भिंगाखाली पाहिला. तासभर पाहिला. नवे काही नव्हते.

तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली होती त्यांना आणि त्यांचा फोनही तेवढाच म्हातारा होता. मामांनी त्याची बॅटरी तीनदा बदलली होती. आज त्याच्या चार्जरच्या भोकात साचलेली धूळ त्यांनी काढून ठेवली होती.

“चालतोय ना, मामा?”

“पळतोय. तुमच्या पर्समधली निम्मी लोकर होती त्यात.”

“माझं मेलीचं ठीक आहे, फोनही ठणठणीत आहे. पण बँक म्हणते हा जुना झाला, ह्यावर आमचं अ‍ॅप येणार नाही. अहो, मी त्यात पैसे किती आहेत एवढंच बघते! त्याला नवा फोन कशाला लागतो?” बाई वैतागून स्टुलाच्या कडेला टेकल्या. बाकावरच्या उघड्या फोनकडे त्यांचे लक्ष गेले. “हा नवा वाटतं? काय आहे हो त्यात?”

मामा याच प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांनी खिळ्यावरून जुना नकाशा काढला, बाकावर पसरला आणि एकेक भाग परत बसवता बसवता बोलायला लागले.

“ऐका. चंद्राचा फोटो निघतो.”

“चंद्र मला खिडकीतून दिसतो.”

“पाण्यात पडला तरी चालतो.”

“मी कशाला पाण्यात टाकू?”

“तुमच्या ऐवजी तुमच्या पत्राचं उत्तर लिहितो.”

“मग वाचायलाही त्यालाच सांगा म्हणावं.”

मामा खदखदून हसले. पत्र्याचे झाकण बसवून झाले होते. त्यांनी बुचातले स्क्रू कागदावर ओतले. नकाशात लिहिले होते, सगळ्यात लांब स्क्रू वरच्या उजव्या कोपऱ्यात, कॅमेऱ्याजवळ. त्यांनी लांब स्क्रू चिमट्याने उचलला आणि तिथे लावला.

“बावीस वर्षं बघतोय, बाई. यांची अक्कल संपली. बदलायला काही उरलंच नाही. हे बघा, तीन वर्षांपूर्वीचा कागद आणि आजचा फोन. एक म्हणजे एक गोष्ट बदललेली…”

शेवटच्या अर्ध्या वळशाला स्क्रू किंचित अडला. पूर्वी अशा वेळी मामांचा हात आपोआप थांबायचा. आज ते बोलत होते. त्यांनी तो अर्धा वळसा पुरा केला.

“…नाही,” ते म्हणाले.

बाई त्यांचे पैसे देऊन, “तुम्ही आहात तोवर माझा फोन आहे,” असे म्हणून गेल्या. मामांनी बॅटरी जोडली आणि बटण दाबले.

काच काळीच राहिली.

त्यांनी पुन्हा दाबले. चार्जर लावला. दुसरा चार्जर लावला. मग एकदम काही आठवल्यासारखे त्यांनी हात मागे घेतले. शेवटी वरचा उजवा स्क्रू काढून भिंगाखाली धरला. मग त्याच्या खालची पाटी पाहिली. हिरव्या पाटीवर सुईने टोचल्यासारखा एक खळगा होता.

डावीकडचे खालचे भोक त्यांनी काडी घालून मोजले. ते खोल होते. लांब स्क्रूची जागा आता तिथे होती.

दुपारभर त्यांनी केसाएवढ्या तारेने त्या खळग्यातल्या रेषा जोडायचा प्रयत्न केला. भिंगाखाली एकाच्या दोन रेषा दिसत होत्या. डोळे पुसले तरी दोनच. तार भलत्याच रेषेवर जाऊन बसे; ती उचलायची, पुन्हा लावायची. चार वाजता त्यांनी तार गुंडाळून ठेवली. जेवणाचा डबा तसाच होता.

संध्याकाळी लेक कामावरून परस्पर दुकानातच आली. बाकावरचा उघडा फोन बघून ती हसली.

“मग? जिंकलात का? सरांना मी सांगितलंय, उद्या कळवते म्हणून.”

“मेला तो,” मामा म्हणाले.

“कोण?”

“फोन. मी मारला.”

त्यांनी तिला खळगा दाखवला, जुना नकाशा दाखवला, बाटलीचे बूचही दाखवले. काही लपवले नाही. तिने सगळे ऐकून घेतले आणि मग तिचा आवाज चढला.

“चार महिने रविवारी कामावर गेले मी त्याच्यासाठी! एक दिवस वापरायचा होता हो नुसता. एक दिवस! आईला त्यावरून एक फोन लावला असतात तरी चाललं असतं मला.”

 ती दारात जाऊन उभी राहिली, परत आली. हळूच म्हणाली, “बंद करून द्या. तुम्ही बंद केलेला फोन उघडला होता हे आमच्याकडं कुणाच्या बापाला कळायचं नाही. मुळातच खराब निघाला म्हणते. बदलून देतात.”

“मुळात खराब नव्हता तो.”

“कंपनीला काय फरक पडतो?”

“मला पडतो. आजवर इथून बिघाड लपवून बंद केलेला फोन गेला नाही. पहिला तुझा जायला नको.”

ती स्टुलावर बसली. “अहो, पण स्क्रूची जागा का बदलली असेल त्यांनी?”

“मीही दिवसभर तेच विचारतोय. काही कारण नाही. पहिल्यासारखा वरच असता तरी फोन तसाच चालला असता. करायला काही उरलं नाही, म्हणून हलवला असेल मेल्यांनी.” मामांचा चडफडाट थोडा वर आला आणि तिथेच विरला. “पण हलवलाय.”

“असू दे. स्क्रूला कुणी नवी गोष्ट म्हणत नाही. ही शर्तीत धरायची नाही.”

“एक जरी सापडली तर, असं म्हणालो होतो.”

“बाबा, मी धरत नाहीये.”

“मी धरतोय. आणि चिमणे, स्क्रू हलला एवढंच असतं तर निभावलं असतं. तो अडला होता. माझ्या बोटांना कळलं नाही.” त्यांनी भिंग बाजूला सारले. “सोमवारी किती वाजता यायचं?”

लेक बोटाने बाकाची कड खरवडत राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, “साडेनऊ.”

मामांनी मान डोलावली. बाकाखालून जुन्या कॅलेंडरचा एक कागद ओढून काढला, उलटा केला, त्यावर मेलेला फोन ठेवून पेन्सिलीने भोवतीने रेघ मारली. चिकटपट्टी लावली. मग मोजपट्टी उचलून पहिला स्क्रू तिच्यावर धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

“किती आहे गं हा?”

तिने आकडा वाचून सांगितला. त्यांनी तो लिहिला.

“पण आता हा नकाशा कुणाच्या कामाचा, बाबा?”

मामांनी खिशातला चिमटा काढला. दांडीकडून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतल्यावर त्यांनी दिव्याची वाकडी मान तिच्या बाजूला वळवली.

“खालचा डावा,” ते म्हणाले. “तो लांबडा. सावकाश.”