रिव्काबाईंची खुर्ची आणि बिरड्याचा सण

मित्रांनो, मी उदगीरमधली एक जुनी सागवानी खुर्ची आहे. स्वभावाने मत्सरी आहे, हे आधीच सांगते.

शरणप्पा सुताराने मला घडवले ते रिव्काबाई पेणकरांसाठी. त्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून कोकणातून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. गावात बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, असे त्यांचे एकच घर. ड्यूटीवरून आल्या की त्या माझ्यावर अंग टाकत. आल्यागेल्याने माझ्या रुंद हातांचे कौतुक केले की मी मनात फुगून जाई.

पण दरवर्षी पावसाळ्यात बिरड्याचा सण येई. त्या संध्याकाळी रिव्काबाई मला कोपऱ्यात सारत, जमिनीवर चटई अंथरत आणि मंद दिव्यापाशी विलापगीत वाचत. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपर्यंत पोटात पाण्याचा थेंबही नसे. मी कोपऱ्यातून त्या चटईकडे बघत जळत असे. एवढीशी काडीची वस्तू, आणि बाईंचे अश्रू तिला मिळत. मला मिळे ती धूळ.

यंदा बाईंच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली. मला इतका आनंद झाला की बाईंचे दुखणेही मी विसरले.

सण आला. चटई दाराआड गुंडाळलेलीच राहिली. पण बाई माझ्यावर बसेनात. हातात पुस्तक घेऊन भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. शेजारच्या शिवकांताबाई डोकावल्या.

"सिस्टर, बसा की. पाय सुजून राहिलाय तुमचा."

"आज वर बसायचं नसतं, शिवकांता. आमचं देऊळ पडलं, त्याचं दुःख आहे आज."

"कवा पडलं?"

"दोन हजार वर्षं होत आली. त्याच्या आधीचंही पाडलं होतं. दोन्हींचा शोक याच दिवशी."

शिवकांताबाई आत आल्या. "माझी माय गेली तवा म्या बी खालीच बसले होते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी दाराआडची चटई काढून अंथरली आणि मांडी घातली. "तुमच्या वाटचं म्या बसते. तुम्ही वर बसून वाचा. उपास मातर मला जमायचा न्हाई."

बाई हसल्या, डोळे पुसले आणि माझ्यावर बसल्या. मित्रांनो, मला हवे ते मिळाले होते. पण त्या माझ्या अगदी काठावर टेकल्या. माझ्या हातांवर त्यांनी हात ठेवले नाहीत. वाचताना नजर सारखी खाली, शिवकांताबाईंकडे. त्या रात्री मला चटईचा आणि शिवकांताबाईंचाही हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर उपास सुटला. मोड आलेल्या वालांच्या बिरड्याची पहिली वाटी बाईंनी शिवकांताबाईंना दिली.

"तुम्ही उपाशी, अन् पहिली वाटी मला?"

"तू माझ्या जागी बसलीस ना," बाई म्हणाल्या.

तेव्हा मला उमगले. चटईने माझे काही हिरावले नव्हते. मी सुखाची जागा आहे, म्हणून त्या दिवशी रिकामे राहणे हेच माझे काम होते.

मित्रांनो, आम्हा खुर्च्यांना पुसत जा, सांधे सैल झाले तर सुताराला दाखवा. पण शेजारचे कुणी दुःखाने जमिनीवर बसले असेल, तर आम्हाला खुशाल बाजूला सारा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. आम्ही रुसू. तुम्ही लक्ष देऊ नका.