पडद्याच्या चकत्या

धाकट्याला दिवसाला सहा पेले पाणी, वर एक थेंब नाही. आईनेही तेवढ्यावरच राहायचं व्रत घेतलं होतं. "तू एक, मी एक," असं म्हणत दोघं एकदमच पेला तोंडाला लावायची.

बत्तीस वर्षांचा पोरगा. मनाच्या आजारात त्याला आतून कुणीतरी सांगायचं, पी, नाहीतर जळशील. मग नळ, बादली, फुलदाणी, काही सुटायचं नाही; म्हणून न्हाणीघराला कुलूप असायचं. अति पाण्याने रक्तातलं मीठ उतरतं, झटके येतात, जीवही जातो, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "सकाळ-संध्याकाळ वजन करा. संध्याकाळी दोन किलो जास्त भरलं की तडक घेऊन या."

आई पडदे शिवायची. पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या दुमडीत शिशाच्या चकत्या घालतात. त्यांचा डबा यंत्रापाशीच असायचा.

गेले पाच दिवस सकाळी जेवढं वजन, तेवढंच संध्याकाळी. आणि सकाळचं आधीपेक्षा चांगलं तीन किलो जास्त.

"अंग धरलंस रे!" आई म्हणाली.

"मी पाणी सोडलं, आई."

"आता माझ्यावरही पाणी सोड, शहाण्या!"

तो खदखदून हसला. किती वर्षांनी! आईने देवापुढे डोकं टेकलं आणि न्हाणीघराचं कुलूप काढून टाकलं. डबा हलका लागला होता, पण तिने मनावर घेतलं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी तो न्हाणीघरात झटके येऊन पडला होता. नळ चालूच.

"संध्याकाळी वजन वाढलं नव्हतं?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही हो. काटा मी स्वतः बघत होते."

परिचारिकेने त्याचे कपडे आणून दिले. पायजमा जड लागला. दोन्ही खिशांत चकत्या. सकाळी भरायच्या, संध्याकाळच्या वजनाआधी काढायच्या. खणखणू नयेत म्हणून कापडात गुंडाळून वर बारीक टाका घातलेला. तो टाका तिनेच शिकवला होता.

संध्याकाळी, वजनाच्या वेळेलाच, तो गेला.

"मावशी, दोन घोट तरी घ्या," परिचारिकेने पेला तिच्या हातात दिला.

आई पेला धरून तशीच बसून राहिली. दोघांनी एकदम तोंडाला लावायचा, ही सवय. एकटीचा हात काही वर जाईना.